तुझा कुकुडकुंभा, माझा कुंभारकावळा

गिरजे,

तेरवी झाली. मागून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, घर पुन्हा आपल्या मापाचं झालं. इतके दिवस येणारा-जाणारा प्रत्येक जण तुझ्याबद्दल काहीतरी चांगलं बोलून जात होता. शांत होती, सोशिक होती, कधी कोणाला उलटून बोलली नाही. मी मान हलवत होतो. शुभा माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. नजरानजर झाली असती तर आम्ही बापलेक भर माणसांत हसलो असतो. शांत? तू? सीताबर्डीच्या गर्दीत तारेवरचं एक पाखरू बघून चालत्या सायकलच्या कॅरिअरवरून उडी मारून, "अवो थांबा, तो खाटीक नाई, कोतवाल होय!" म्हणत उलट्या दिशेने धावत सुटलेली तू?

तुझ्या चांगुलपणाबद्दल सगळे बोलले. आपल्या भांडणांबद्दल कोण बोलणार? ते मलाच लिहिलं पाहिजे.

पहिलं भांडण तर लग्नाआधीचं. मी मामाला घेऊन उमरेडला तुला बघायला आलो होतो. पाहुणे येणार म्हणून तुझ्या वडिलांनी माग बंद ठेवले होते. एरवी दिवसभर खटखटणारं तुमचं घर गप्प झालं होतं आणि त्या गप्प घरात काय बोलावं हे कोणालाच सुचत नव्हतं. तू पोहे ठेवून आत गेलीस. मी तुझा चेहराही धड पाहिला नव्हता. ताटली धरलेले हात तेवढे पाहिले होते, बोटांना सुताचा निळा रंग लागलेला. तेवढ्यात मागच्या कुंपणावर एक पाखरू उतरलं. काळं अंग, तांबूस पंख, लालभडक डोळे.

मामा खूश झाला. "भारद्वाज दिसला! आता शुभच होते."

मी आपलं बोलायला विषय मिळाला म्हणून म्हणालो, "आमच्याकडे याले कुंभारकावळा म्हनतेत."

आणि पडद्याआडून आवाज आला, "कुकुडकुंभा."

तुझी आई दबक्या आवाजात "गिरजा!" म्हणाली. तुझे वडील खाली बघू लागले. मी म्हणालो, "कुंभारकावळाच. त्याचे पंख पाहा ना. भाजलेल्या मडक्याचा रंग आहे."

"पंख काहून पाहाचे? तो वरडते कसा, ते ऐका. कुक् कुक् कुक् करते. कुकुडकुंभाच होय तो."

मामा मांडीवर थाप मारून हसला. "पोरगी बोलते बापा! मी तर म्हनलो, मुकी दाखवून राहिले का काय."

गिरजे, एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही, आता सांगतो. कुकुडकुंभा हे नाव मला ठाऊक होतं. माझी आत्या तेच म्हणायची. दुसऱ्यांदा मी तुला आडवं बोललो, ते फक्त तुझा आवाज पुन्हा ऐकू यावा म्हणून. घरी परतताना मामाने विचारलं, "काय मग?" आणि मी तुझं तोंडही न पाहता हो म्हणून मोकळा झालो. हे तुला सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस आणि भांडण तिथेच संपलं असतं. मला ते संपवायचं नव्हतं.

आपण दोघंही कोष्ट्यांचीच लेकरं. पण माझ्या आजोबांनी माग सोडून रामटेकजवळ धानाची शेती धरली आणि तुमच्याकडे माग चालूच राहिले. त्यावरून मी एक सिद्धांत काढला होता. आम्ही बांधावर उभे राहणारे, लांबवर बघणारे, म्हणून आमची पाखरांची नावं डोळ्यांनी ठेवलेली. तुम्ही अंधाऱ्या खोलीत मागावर बसणारे, बाहेरचं फक्त ऐकू येणारे, म्हणून तुमची नावं कानांनी ठेवलेली. किती अभिमानाने मी तुला तो ऐकवला होता! सदर भागातल्या माझ्या दुकानात दिवसभर टाइपरायटर दुरुस्त करता करता जुळवला होता. तू तांदूळ निवडत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मंग आमचा बहिरा पोपट? त्याचं नाव का आमी कानानं ठेवलं? त्याले तर आवाजच नाजूक."

झालं. सिद्धांत गेला आणि नवं भांडण आलं. कारण तुमचा जो बहिरा पोपट, तो आमचा वेडा राघू. हिरवा, चिमणीएवढा, बारीक वाकड्या चोचीचा, तारेवर बसून माशा पकडणारा.

"जाते, माशी धरते आन् परत त्याच तारेवर येऊन बसते," मी म्हणालो. "एवढं आभाळ मोकळं आहे, तरी तिथंच. वेडा नाही तर काय?"

"वेडा नाई. कितीही बोंबला, हलत नाई. बहिरा हाये तो."

"पाहू मग."

"पाहू!"

रविवारी सायकल काढली आणि फुटाळा तलावाच्या काठावर गेलो. तारेवर तो बसलेला होताच. आपण दोघं खाली उभे राहिलो आणि ओरडायला सुरुवात केली. आधी मी, मग तू, मग दोघं मिळून. तू पदर खोचून, मान वर करून, "ए पोपटा! ए बहिऱ्या!" अशी काही हाक दिलीस की पलीकडे गळ टाकून बसलेला एक माणूस धावत आला. "क्या हुआ भाभी? कोई डूबा क्या?"

"नाई भाऊ. तो पोपट बहिरा हाये का, ते पाहून राहिलो."

त्याने वर पाहिलं. मला वाटलं, आता हा आपल्याला वेड्यात काढणार. त्याने घसा खाकरला आणि तोही ओरडला. पाखरू हललं नाही. मग तो म्हणाला, "लेकिन हम तो इसको पतरिंगा बोलते."

तुझा चेहरा! वेडा की बहिरा, हे तू जागच्या जागी विसरलीस. "पतरिंगा! ऐकलं का तुमी? पतरिंगा!" जिंकल्यापेक्षा तुला तिसरं नाव मिळाल्याचा आनंद जास्त. त्याच वेळी राघू उडाला, हवेत गिरकी घेऊन एक माशी टिपली आणि नेमका त्याच जागी येऊन बसला. मी म्हणालो, "बघ, वेडा!" तुझं लक्षच नव्हतं. घरी येईपर्यंत मागच्या कॅरिअरवर तुझं पतरिंगा, पतरिंगा चाललं होतं आणि मी चढावर पेडल मारता मारता हसत होतो.

सुगरणीचं भांडण मात्र तसंच राहिलं. आठवतं, उमरेडच्या वाटेवर विहिरीवर वाकलेल्या बाभळीला ती घरटी लटकलेली होती. पिवळ्या डोक्याचा नर गवताची काडी आणत होता, ओवत होता, ओढून गाठ मारत होता. तू बघत राहिलीस. विणणं तुझ्याइतकं कोणाला कळणार? मग मादी आली, एका घरट्यात डोकावली, मान हलवून उडून गेली. तू भडकलीस. "इनते तो आन् नाव हिचं? सुगरण? ही काय करते? येते, पाहते आन् नावं ठेवते!"

"मग काय म्हणायचं त्याला?"

"कोष्टी म्हना. सुताराचं पाखरू हाये, शिंप्याचं हाये, धोब्याचं हाये. आमचंच काहून नाई?"

"असं कोणी म्हणत नाही, गिरजे."

"मी म्हनून राहिली ना!"

माझं म्हणणं असं की नाव एका माणसाने ठेवून चालत नाही, दहा तोंडांतून यावं लागतं. तुझं म्हणणं असं की पहिलं तोंड कोणाचं तरी असतंच. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. पण नावं ठेवण्याचं काम आपल्या घरात तुझ्याकडेच होतं, दोन्ही अर्थांनी, आणि परवा एका सुगरणीकडे बघून माझ्या तोंडून कोष्टी निघालं. शुभाने ऐकलं. मी खोकला आल्यासारखं केलं.

माझ्या आईला तू जिंकलंस तेही पाखरावरूनच. ती तुझ्याशी पहिली काही वर्षं तोलूनमापूनच बोलायची. थंडीत आपण गावी गेलो होतो, ती सोबत तळ्यावर आली होती. रंगानं साधीच, तपकिरी बदकं पोहत होती. तू म्हणालीस, "आई, ते पाहा हळदी-कुंकू." आई म्हणाली, "कुठं? कोनाच्या घरी?" तू तिचा हात धरून तिला पार पाण्याजवळ नेलंस. "चोच पाहा. टोकाले हळद लावली, कपाळाजवळ कुंकू." खरंच, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके. आई सगळा जन्म त्या तळ्याच्या काठी राहिली होती आणि त्यांना नुसतं बदक म्हणत आली होती. ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बदकाले सवाशीण केलं वं या पोरीनं!" त्या दिवसापासून ती तुला गिरजाबाई न म्हणता गिरजा म्हणू लागली.

आणि मग शुभा.

महाल भागातल्या आपल्या दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात शेवगा. आजूबाजूची तिच्या वयाची पोरं गाणी म्हणत होती, शिव्यासुद्धा देत होती आणि शुभा अक्षर बोलत नव्हती. हाक मारली की वळायची, सांगितलेलं आणून द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. सदरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान चांगले आहेत, वाट पाहा. वाट कशी पाहणार? तू तिला मांडीवर घेऊन तिच्या ओठांकडे बघत बसायचीस. माझी आई गावाहून आली आणि चार दिवस आपलं ऐकून म्हणाली, "तुमी दोघंच लेकराले गोंधळात टाकून राहिले. एकाच पाखराले हा एक नाव सांगते, ती दुसरं सांगते. लेकरू धरन तरी कोनतं?"

तेव्हा ठरलं, आजपासून शुभासमोर एका पाखराला एकच नाव. पुस्तकातलं. भांडण बंद.

गिरजे, तो पावसाळा आठवला की अजून अंगावर काटा येतो. कुंपणावर तो येऊन बसायचा आणि मी म्हणायचो, "भारद्वाज." तू म्हणायचीस, "हाव, भारद्वाज." संपलं. पुढे बोलायला काही नाही. एखाद्या कचेरीत हजेरी घ्यावी तशी आपण पाखरं ओळखत होतो. तू मान खाली घालून पोळ्या लाटायचीस, मी पेपर वाचायचो, शुभा आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघायची. आपल्या घरात त्याआधी आणि त्यानंतर कधी इतकी शांतता नव्हती.

पाऊस सरत आला होता. सकाळची वेळ. शेवग्यावर बुलबुलची जोडी आली. मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, "बुलबुल." तू आतून ठरल्याप्रमाणे म्हणालीस, "बुलबुल." शुभा पायरीवर पोळीचा तुकडा घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं. बुलबुलने डोक्यावरचा काळा तुरा उभा केला, टोपी नीट केल्यासारखा. शुभाने बोट वर केलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली,

"टोप्या."

मी पेपर खाली ठेवला. तू दारात येऊन उभी राहिलीस, हाताला पीठ. आपण एकमेकांकडे बघत होतो.

"काय म्हनली?" तू हळूच विचारलंस.

"टोप्या!" शुभा ओरडली. जणू आपण दोघंच बहिरे होतो.

मग तू पिठाच्या हातानेच गल्लीत धावलीस. "बोलली! माही शुभा बोलली!" दारं उघडली, बाया बाहेर आल्या, एक रिक्षावाला सायकलरिक्षा थांबवून बघू लागला. मी शुभाला खांद्यावर घेऊन तुझ्या मागे. अजून आपल्याकडेच राहिलेली माझी आई आंघोळीहून तशीच बाहेर आली. "काय बोलली? आई म्हनली का बाबा म्हनली?"

"टोप्या म्हनली!"

"टोप्या कोन?"

कोण समजावून सांगणार? तू हसत होतीस, रडत होतीस, शुभाच्या गालाला पीठ लावत होतीस. आणि त्या सगळ्या गोंधळात मी काय म्हणालो? म्हणालो, "पाहिलं? टोपी डोळ्याला दिसते. डोळ्याने ठेवलेलं नाव आहे. पोरगी माझ्यावर गेली."

तू तिथल्या तिथे कमरेवर हात ठेवलेस. "आन् बोंबलली कोनासारखी?"

भर गल्लीत आपलं जुंपलं. शुभा माझ्या खांद्यावरून एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघून टोप्या, टोप्या म्हणत टाळ्या वाजवत होती. आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "भांडा बापा, भांडा. असंच भांडा."

त्यानंतर पोरगी थांबलीच नाही. बुलबुल आपल्या घरात कायमचा टोप्या झाला. मग गल्लीतली पोरं त्याला टोप्या म्हणू लागली. आणि पुढे काही वर्षांनी, बुधवारच्या बाजारात, तुला आठवत असेलच, एक बांगड्या विकणारी म्हातारी आपल्या नातवाला लिंबाच्या झाडाकडे बोट दाखवून सांगत होती, "तो पाय, टोप्या."

तू माझा दंड असा पकडलास की वळ उठला. लगेच तिच्यासमोर जाऊन बसलीस. "मावशी, हे नाव तुमाले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? टोप्याच होय तो."

"पन कवापासून?"

"पयलेपासून," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडे पयलेपासून टोप्याच म्हनतेत."

तू तिला काहीच सांगितलं नाहीस. हातात मावत नव्हत्या तरी हिरव्या बांगड्या भरून घेतल्यास आणि उठलीस. कोपरा वळेपर्यंत तोंड दाबून चाललीस आणि मग भिंतीला टेकून हसत सुटलीस. "पयलेपासून म्हनते! माह्या पोरीचं नाव, आन् पयलेपासून म्हनते!" मीही हसत होतो. तिच्या आजीच्या काळापासून लोक खरोखरच तसं म्हणत असतील, शुभाने आपलं पुन्हा शोधलं असेल, असंही असू शकतं. हे मी तुला म्हणालोही. तू माझ्याकडे मोठ्या दयेने पाहिलंस.

दवाखान्यात तुझ्या खिडकीत फक्त कबुतरं होती. तू तिथेही सोडलं नाहीस. "ते कबूतर नाई, पारवा होय. कबूतर पाळलेलं असते." मी म्हणालो, दोन्ही एकच. तू उठून बसायला गेलीस. सिस्टरने येऊन दोघांनाही दम दिला. ती गेल्यावर तू उशीवर डोकं टेकवलंस, हसलीस आणि म्हणालीस, "आज थकली मी. उद्या भांडू."

दुसऱ्या दिवशी तू बोलू शकली नाहीस. मी तुझा हात धरून बसलो आणि किती वेळा म्हणालो, कबूतर, कबूतर, दोन्ही एकच. तू डोळे उघडले नाहीस. एवढं धडधडीत चूक बोललो तरी नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही. शुभा स्वयंपाक करते, कॉलेजला जाते, मी दुकानात जातो. एकमेकांशी जपून बोलतो.

आज सकाळी आम्ही मागच्या पायरीवर चहा घेत होतो. ऊन आता लवकर चढायला लागलंय. शेवग्याच्या फांदीतून एकदम पांढरं काहीतरी सरकलं. मला वाटलं, कोणाच्या छतावरचा कपडा उडाला. शुभा ओरडली, "बाबा, पाखरू!"

गिरजे, असं लांब शेपटीचं पाखरू आपण कधीच पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं अनवाणी अंगणात धावलो. शुभा म्हणाली, "झालर! झालर म्हणायचं याला!" मी म्हणालो, "झालर कशी? ती तर चवरी आहे!" "चवरी हलवतात, बाबा, ही आपोआप हलते!" "म्हणून काय झालं?" आमचा आवाज इतका चढला की शेजारच्या काकू घाबऱ्या घाबऱ्या कुंपणाशी आल्या. कोपऱ्यावरचा पानवाला आला, त्याचं गाव जबलपूरकडचं, तो म्हणाला, "अरे, ये तो दूधराज है!" काकू म्हणाल्या, त्यांच्या माहेरी याला बाणपाखरू म्हणतात. एका पाखराला चार नावं, सगळे एकदम बोलताहेत, कोणी कोणाचं ऐकत नाही. मी इतका हरखलो होतो, की स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून जोरात हाक मारली,

"गिरजे, लवकर बाहेर ये वं!"

सगळे थांबले. काकूंनी पदर तोंडाला लावला. शुभाने माझा हात धरला, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, पाखराकडेच बघत होती. ती म्हणाली, "बाबा, नीट पाहून घ्या. आईला सांगावं लागेल."

म्हणून सांगतो. अंग दुधासारखं पांढरं, एकही डाग नाही. डोकं काळंभोर, चकाकणारं, वर तुरा. डोळ्याभोवती निळं कडं. शेपटीतून दोन लांब पिसं निघालेली, अंगापेक्षा कितीतरी लांब, मागावरून उतरवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांसारखी. उडालं की ती मागून लाटेसारखी येतात, पाखरू पुढच्या फांदीवर बसलं तरी त्यांचं येणं चालूच असतं. आवाज मात्र कर्कश, एवढ्या देखण्या जिवाला न शोभणारा. दोनदा ओरडलं, "च्वे, च्वे," असं काहीसं. माझ्या कानावर तुझा विश्वास नाही, म्हणून शुभालाही विचारलं. तीही तेच म्हणते.

ते अजून शेवग्यावरच बसलं आहे.